सतरा नंबरचा फोन

हर्षदाबाईंचा आवाज म्हणजे लोकमित्र विधी महाविद्यालयाची खरी मालमत्ता होती. कराडच्या त्या कॉलेजात प्राचार्य आले नि गेले, इमारतीला दोनदा रंग लागला, पण फोनवर ‘नमस्कार, हर्षदा बाबर बोलतेय, जेवण झालं का?’ एवढं कानावर पडलं की समोरचा माणूस आपोआप निवळायचा. प्रवेशावरून तणतणत फोन करणारा बापसुद्धा शेवटी ‘बरं ताई’ म्हणून ठेवायचा. म्हणूनच सहा वर्षांपूर्वी ‘वेध’ हे भाकीत करणारं यंत्र आलं, तेव्हा त्यानं काढलेल्या यादीतल्या घरांना फोन करायचं काम हेडक्लार्क हर्षदाबाईंच्या टेबलावर आलं. आणि काय सांगावं, त्याचा त्यांना केवढा अभिमान!

वेध म्हणजे काही चिठ्ठी काढणारा पोपट नव्हता. पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येक मुलाला कॉलेज एक टॅब देई. वाचन, टिपणं, स्वाध्याय, सगळं त्यावरच. निवाडा वाचताना मुलाची नजर कुठल्या ओळीवर अडखळते, उत्तर लिहिताना ते किती वेळा खोडतं, कुठल्या दिवशी टॅब उघडतच नाही, हे सारं तो टॅब मुकाट्यानं टिपून घेई. मग देशभरातल्या लॉ कॉलेजांत आजवर कोण टिकलं आणि कोण मधेच सोडून गेलं, त्यांच्या नोंदींशी वेध ते ताडून पाही आणि प्रत्येक मुलाला शंभरपैकी एक गळती-अंक देई. अंक सत्तरच्या वर गेला की नंबर यादीत. नुसता नंबर हं, नाव नाही. मुलांची नावं यंत्राला कळू द्यायची नाहीत असा कायदाच होता. नंबरावरून नाव शोधायचं काम ऑफिसचं, हजेरीपट पुढ्यात घेऊन.

आणि हे सगळं तीस सप्टेंबरच्या आत उरकायचं. का, तर मानांकन मंडळ तीस तारखेला पटावर जेवढी डोकी असतील तेवढीच मोजायचं. त्यानंतर जो गेला तो गळतीत. त्याआधी जो गेला तो जणू कधी आलाच नव्हता. लोकमित्रच्या फाटकावर भला मोठा फलक होता: टिकून राहणारे विद्यार्थी शहाण्णव टक्के, पाच वर्षांत पदवी घेणारे एक्क्याण्णव टक्के. सबंध विभागात असे आकडे दुसऱ्या कुणाचे नव्हते.

यात काही पाप आहे असं हर्षदाबाईंच्या मनातही आलं नव्हतं. त्यांना वाटे, ज्याला झेपणार नाही त्याला वेळेवर सांगितलेलं बरं. ‘दादा, घाबरू नका, पोरगी गुणाचीच आहे. पण हा अभ्यास तिला जड जातोय असं दिसतंय. आत्ताच विचार केलात तर तिचं वर्ष वाचेल.’ फोन कायम घरी, वडिलांना. पालकांना विश्वासात घ्यायचं, ही तर कॉलेजची जुनी रीत. प्रत्येक फोनची नोंद त्या एका लांबट वहीत ठेवत. दर चार फोनांमागे तीन मुलं महिन्याभरात नाव काढून जात. ‘चारातले तीन!’ प्राचार्य इनामदार सर कौतुकानं म्हणत. ‘यंत्र चुकत नाही, मॅडम.’

सन २०४१च्या सप्टेंबरात, चार तारखेला, तेवीस नंबरांची यादी आली. हर्षदाबाईंनी हजेरीपट उघडला. आधी मुली आडनावाप्रमाणे, मग मुलगे. त्या एकेका नंबरापुढं नाव लिहीत गेल्या. सातवा नंबर होता सतरा. पटावर बोट ठेवलं आणि बोट तिथंच राहिलं.

बाबर मैथिली रणजित.

त्यांचीच मुलगी. शाळेत असताना वर्गातल्या भांडणांचे निवाडे करणारी, ‘मी वकीलच होणार’ म्हणून आत्याच्या लग्नात मांडवभर सांगत फिरलेली. हर्षदाबाईंनी पुन्हा पाहिलं. नंबर, नाव, नंबर, नाव. अरे देवा! त्यांना वाटलं, आपल्या खुर्चीखालची फरशीच कुणी काढून घेतलीय.

पण बाई कामाच्या पक्क्या. बावीस फोन केले, नेहमीसारखे, जेवण झालं का विचारून. तेविसावा उरला. पालकाचा मोबाईल: रणजित बाबर. दुसरं कुणी असतं तर टाळलं असतं. यांनी लावला.

“नमस्कार, लोकमित्र विधी महाविद्यालयातून हर्षदा बाबर बोलतेय.”

“अगं, काय हे? मला काय आवाज कळत नाही होय तुझा?” रणजितराव हसले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते ते, मागं पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता.

“मैथिलीबद्दल बोलायचं होतं...” आणि कधी नव्हे तो बाईंचा आवाज अडखळला.

बरं, दोघांनी मिळून ठरवलं काय, तर पोरीला काही सांगायचं नाही. नुसतं सांभाळून घ्यायचं. आता घरात एखाद्याला सांभाळून घ्यायला लागलं की त्याला ते कळत नाही, असं कुठं झालंय का? त्या दिवसापासून मैथिली पुस्तक घेऊन बसली की आई शेजारी येऊन बसे. “झेपतंय ना गं?” वडील न मागता दूध आणून ठेवत. “नाही जमलं तर नाही, आपण दुसरं बघू. पुण्याला आत्या आहेच.” कॉलेजातल्या वादविवाद स्पर्धेत तिनं नाव दिलं, तर आई म्हणाली, “या वर्षी राहू दे की. ताण कशाला?”

“आई, मी नापास झालेय का कशात?”

“छे गं! सहज म्हटलं.”

पहिल्या आठवड्यात मैथिली चिडली. दुसऱ्या आठवड्यात ती गप्प झाली. एकेक परिच्छेद पाच-पाचदा वाचू लागली आणि तरी डोक्यात शिरेना. वर्गात हात वर करायचा सोडला. चोवीस तारखेला सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. डोळे सुजलेले.

“आई, माझं नाव काढ. मला नाही जमणार.”

हर्षदाबाईंच्या हातातली पोळी तव्यावर करपली. पण मनात पहिला विचार काय आला? यंत्र चुकत नाही. पोटची पोर ढसाढसा रडतेय आणि आईच्या मनात हा विचार! पुढं कितीतरी दिवस त्या एका विचाराची त्यांना लाज वाटत राहिली.

नाव काढायचा अर्ज त्यांनी ऑफिसात येऊन स्वतःच भरायला घेतला. टॅब जमा करायचा, त्याचा नंबर लिहायचा. त्यांनी मैथिलीचा टॅब उलटा केला. मागं जुलैत चिकटवलेली चिठ्ठी होती. सोळा.

सोळा? पटावर तर सतरा.

त्यांनी पट पहिल्या नावापासून पुन्हा वाचला. मग लख्ख उजेड पडला. यंदा प्रवेश परीक्षेचा निकाल रखडला होता, म्हणून टॅब वाटून झाल्यावर प्रवेशाची आणखी एक फेरी झाली. तीत अवताडे नावाची एक मुलगी आली. ती आडनावानं सगळ्यांच्या आधी बसली आणि तिच्यामागचा अख्खा पट एकेका नंबरानं खाली सरकला. लोकमित्रमध्ये उशिरा आलेल्याला शेवटी घालायची पद्धत नाही. आडनावाचा क्रम म्हणजे क्रम! नवा पट स्वतः हर्षदाबाईंनीच सुवाच्य अक्षरात लिहिला होता. टॅबवर मात्र जुनेच नंबर राहिले. वेधनं सांगितलेला सतरा म्हणजे जुना सतरा. म्हणजे मैथिलीच्या पुढची, बोडरे अश्लेषा.

माझी पोर यादीत नाहीच! बाई चक्क हसल्या, मोठ्यानं. शेजारच्या टेबलावरचे कुंभार भाऊ दचकून बघायला लागले. आत्ताच्या आत्ता घरी फोन करावा, पेढे न्यावेत, असं त्यांना झालं. त्यांनी फोन उचललाही.

आणि मग फोन तसाच खाली ठेवला. निकाल असाच एकदा रखडला होता. २०३६ साली. तेव्हाही टॅब वाटल्यावर फेरी झाली होती, पटाच्या डोक्यावर एक नवं नाव आलं होतं, तेव्हाही त्यांनीच नवा पट लिहिला होता. आणि त्या वर्षीची पोरं तर या जूनमध्ये पाच वर्षं पुरी करून पदवी घेऊन बाहेर पडली होती.

त्यांनी लांबट वही काढली. कपाटातून जुन्या नंबरांची टॅबवाटपाची फाईल काढली. त्या वर्षी बत्तीस फोन झाले होते. बत्तीसच्या बत्तीस चुकीच्या घरी. यंत्रानं ज्यांच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता अशा मुलांच्या घरी. त्यातली किती गेली? त्यांनी नाव काढून गेलेल्यांपुढच्या लाल शाईच्या खुणा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

चोवीस. चारातले तीन.

आणि यंत्रानं खरोखर ज्यांचे नंबर काढले होते, ज्यांना चुकून फोन गेलाच नाही, ती बत्तीस? त्यातली एकोणतीस पदवीधर झाली होती. फलकावरच्या एक्क्याण्णव टक्क्यांत तीही होती.

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे तांबोळी सर आकड्यांचे वस्ताद. हर्षदाबाई वही छातीशी धरून त्यांच्या खोलीत गेल्या. सरांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि एकेक नंबर बोटानं ताडून पाहिला.

“सर, बोला ना काहीतरी.”

“मॅडम, हवामान खात्यानं सांगितलं उद्या पाऊस येणार. ढगाला ते ऐकू जातं का?”

“नाही.”

“माणसाला जातं. तिथंच सगळी गोम आहे. एखाद्याबद्दलचं भाकीत त्याच्याच घरात नेऊन सांगितलं, की ते भाकीत राहत नाही. घरातली माणसं तसं वागायला लागतात, मग ते पोर तसं वागायला लागतं. वेधला मुलांमधलं खरंच काही कळतं की नाही, हे आपण कधी तपासलंच नाही. त्यानं नंबर दिला रे दिला की आपण फोन उचलत होतो.” त्यांनी चष्मा काढला. “एकाच वर्षी चुकून तपासणी झाली. चुकीच्या घरी फोन गेले आणि तरी चारातले तीन गेले. मॅडम, हा आकडा यंत्राचा कधी नव्हताच. हा तुमच्या फोनचा आकडा आहे.”

हर्षदाबाईंनी वही मिटली. सहा वर्षं. दीडशेच्या वर घरं. आपण त्यांना काय काय म्हणालो ते सगळं एकदम आठवायला लागलं. पोरगी गुणाची आहे. घाबरू नका. वर्ष वाचेल.

प्राचार्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “फलकावरचे आकडे चुकीचे आहेत का?”

“नाही सर. आकडे बरोबर आहेत.”

“मग चूक कुठाय?”

बाईंनी वही उचलली. हा माणूस आपल्या मुलाच्या मुंजीला आपल्या घरी जेवून गेलाय, असं उगाचच त्यांच्या मनात आलं, आणि आपल्याला तर मुलगाच नाही हेही लगेच ध्यानात आलं. इतकं डोकं सुन्न झालं होतं.

घरी येऊन त्यांनी मैथिलीपुढं दोन्ही पट ठेवले, सोळा-सतराची गोष्ट सांगितली. मैथिलीनं ऐकलं आणि मान हलवली.

“चूक झाली असेल, आई. पण आता मला खरंच जमत नाहीये. ते कुठं खोटंय?”

यंत्रानं न सांगितलेलं आईबापांनी वीस दिवसांत खरं करून दाखवलं होतं. पुरावा समोर बसला होता, नखं खात.

सत्तावीस तारखेला हर्षदाबाईंनी रजा टाकली आणि मैथिलीला घेऊन पाटणची एसटी धरली. वहीतलं एक नाव त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. प्रणोती मोहिते. २०३६ साली प्रवेश परीक्षेत कॉलेजात पहिली आलेली. फोननंतर आठ दिवसांत गेलेली.

ती सापडली तहसील कचेरीच्या व्हरांड्यात. एक टेबल, एक प्रिंटर, समोर प्रतिज्ञापत्रांसाठी माणसांची रांग. एक वकील तिला मजकूर सांगत होते आणि ती मान वर न करता म्हणत होती, “साहेब, हे कलम इथं लागत नाही. मागच्या वर्षी बदललंय.” वकील ‘हो का?’ म्हणाले.

रांग सरल्यावर हर्षदाबाई पुढं झाल्या. त्यांनी नाव सांगितलं. प्रणोतीनं आवाज लगेच ओळखला.

“बाबर मॅडम! तुमचा आवाज कसा विसरेन?”

मग हर्षदाबाईंनी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. पट, फेरी, नंबर. आडपडदा ठेवला नाही. प्रणोतीचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

“म्हणजे तो फोन माझा नव्हता?”

“नव्हता, बाळा.”

“मग कुणाचा होता?”

“तुझ्या पुढची. यादव प्रांजल.”

“प्रांजल?” ती कसंनुसं हसली. “फार घाबरायची हो ती. मी माझ्या वह्या द्यायचे तिला. ती...?”

“पास झाली जूनमध्ये.”

प्रणोतीनं टेबलावरचे कागद उगाचच सारखे केले. “त्या दिवशी फोन स्पीकरवर होता, मॅडम. मी समोरच बसले होते, शेंगा फोडत. सगळं ऐकलं मी. बाबा वाईट नव्हते. ते म्हणाले, इतक्या मायेनं बोलणारी बाई, तिला काय पडलंय खोटं बोलायचं? आणि मलाही तेच वाटलं. त्या घटकेपर्यंत मला कधी वाटलंच नव्हतं की मला जमत नाहीये.”

“मलाही नव्हतं वाटलं,” मैथिली एकदम म्हणाली. तिचा आवाज चिरका लागला. “खरंच नव्हतं. आई, चार तारखेच्या आधी मला एकदाही नव्हतं वाटलं!”

हर्षदाबाईंनी हात जोडले. हे असं कचेरीच्या व्हरांड्यात, लोक बघत असताना. प्रणोतीनं ते हात धरून खाली केले.

“मला एकच कळत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही बाबांशी बारा मिनिटं बोललात. माझ्या प्रकृतीची चौकशी केलीत, आईच्या गुडघ्यांची केलीत. मी तिथंच होते. तिला फोन द्या, एवढं का नाही म्हणालात हो?”

तशी रीत नव्हती, एवढंच उत्तर हर्षदाबाईंकडं होतं.

यंदाच्या बावीस घरांपैकी तेरा घरांनी नाव काढायचं कळवलं होतं, काहींच्या सह्या तेवढ्या बाकी होत्या. पट बंद व्हायला, तीस तारखेला, अजून तीन दिवस होते. हर्षदाबाईंनी तिथंच, व्हरांड्याच्या पायरीवर बसून फोन लावायला सुरुवात केली. पहिलं घर उंब्रजचे खेडेकर.

“दादा, मी हर्षदा बाबर. मागं मी जो फोन केला ना, तो चुकीचा होता. तुमच्या ऋजुताचं काहीही...”

“ताई,” खेडेकर शांतपणे म्हणाले, “तुमचं पहिलं बोलणं मनापासूनचं होतं. पटलं आम्हाला. आज तुम्ही घाबरल्यासारख्या बोलताय. पट कमी झाला म्हणून कॉलेजनं दबाव आणलाय होय तुमच्यावर? राहू द्या. उद्या येऊन सही करून जातो आम्ही.”

“नाही हो दादा, ऐका तरी...”

आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज कुणाला पटत नव्हता. खरं बोलत होत्या तेव्हाच! त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. फोन आता ठेवला जाणार, इतक्यात मैथिलीनं तो हातातून ओढून घेतला.

“काका, मी मैथिली. त्याच यादीतली. माझ्याही घरी असाच फोन आला होता.” ती उठून उभी राहिली. बोलताना तिचा मोकळा हात हवेत हलायला लागला, शाळेत निवाडे करताना हलायचा तसा. “मी वाद घालणार नाही तुमच्याशी. ऋजुता तिथं आहे का? मग तिला फोन द्या. नाही, स्पीकरवर नको काका. तिच्या हातात द्या.”

पलीकडं काहीतरी कुजबुज झाली. भांडं सरकल्याचा आवाज आला. मैथिलीनं फोन आईच्या कानाला लावला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

“हॅलो?” एक बारीक, बिचकलेला आवाज आला. “कोण बोलतंय?”

सहा वर्षांत दीडशेच्या वर फोन केले होते हर्षदाबाईंनी. त्यांतल्या एकाही मुलाचा आवाज त्यांनी आजवर फोनवर ऐकला नव्हता. जेवण झालं का, हे विचारायचंसुद्धा त्यांना सुचेना.

“तू बोल, बाळा,” त्या म्हणाल्या. “मी ऐकतेय.”